नऊ दिव्यांची तांब्याची हनुकिया : तांबट आळीतल्या कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

आमच्या यहुदी घरात हनुकिया, म्हणजे आठ रात्रींच्या हनुका सणाचा नऊ दिव्यांचा दीप, कधीच नव्हती. आजी पितळी ताटात काचेचे आठ पेले ओळीने मांडत असे, प्रत्येकात खाली पाणी, वर खोबरेल तेलाचा थर आणि त्यावर तरंगती वात. नववा दिवा म्हणून शेजारी एक पणती असे. आम्हा बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचे, पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून कोकणात आले, असे आमची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ची प्रार्थना एवढेच उरले होते, हनुकाचा सण मात्र पुष्कळ उशिरा, बाहेरून आलेल्या शिक्षकांमुळे आमच्यात रुजला. म्हणूनच की काय, कोकणी घडणीची म्हणावी अशी जुनी हनुकिया मला एकाही नातेवाइकाकडे सापडली नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ती इस्रायलहून आलेली, सोनेरी मुलामा दिलेली आणि मेणबत्त्यांची आहे.

मला तेलाची हवी आहे, आणि ती पुण्यात घडलेली हवी आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकाम होते, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने ठोके देत भांड्याच्या अंगावर चकाकत्या खळ्या उठवल्या जातात. तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात मंदिरातला सात फांद्यांचा सोन्याचा मेनोरा (दीपवृक्ष) ओतीव नको, एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेला हवा, अशी आज्ञा आहे. ठोक्याचे काम आपल्या दारात होत असताना मेणबत्त्यांचा साचा परदेशातून का मागवायचा, एवढाच माझा विचार होता.

आज आराखडा काढला. मामा मागच्या खेपेला इस्रायलमधल्या अश्दोदहून आला तेव्हा त्याच्या पाकिटातून दहा अगोरोतचे एक नाणे माझ्याकडे राहिले होते. त्यावर मेनोराची आकृती आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३७ साली मत्तथियाह अँटिगोनस या हास्मोनी नावाच्या यहुदी घराण्यातल्या शेवटच्या राजाने पाडलेल्या नाण्यावरून ती घेतलेली आहे. बावीस मिलिमीटर व्यासाच्या त्या नाण्याचा फोटो मोठा करून आलेखाच्या कागदावर उतरवला, सातच्या नऊ फांद्या केल्या आणि कडेच्या फांद्या जरा बुटक्या ठेवल्या, कारण त्याने आकृतीला समईसारखा उतार येत होता. चित्र म्हणून ते सुंदर दिसत होते.

५ ऑक्टोबर, रविवार

आराखडा पहिल्याच परीक्षेत नापास झाला. योम किप्पूर हा उपवासाचा दिवस होऊन गेल्यावर आमच्या मशिदीतल्या (आमच्यातली जुनी माणसे सिनेगॉगला अजूनही मशीदच म्हणतात) एका जाणत्या आजोबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, “हे शोभेला पाहिजे, का लावायला?”

लावायला असेल तर नियम थोडे आहेत आणि ते पक्के आहेत. मंदिरातल्या मेनोराची सात दिव्यांची प्रतिकृती करायला तालमूदची, म्हणजे धर्मनियमांच्या ग्रंथाची, मनाई आहे, म्हणून सणाच्या दिव्याला आठ आणि एक असे नऊ. ते मी केले होते. पण आठही दिवे एका रेषेत आणि एका उंचीवर असावेत आणि नववा, म्हणजे ज्याच्याने बाकीचे लावायचे तो शमाश, वेगळा ओळखू यावा, हे मला माहीत असूनही मी आकाराच्या मोहात विसरले होते. ज्योती एकमेकींत मिसळून जाळ झाला तर तो दिवा धरला जात नाही. आणि तेल इतके हवे की अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ज्योत टिकली पाहिजे.

माझा उतार गेला आणि त्याबरोबर फांद्याही गेल्या, कारण सगळी टोके एका उंचीवर आणायची तर प्रत्येक फांदीची लांबी आणि बाक निराळा, आणि ते काम ठोक्याने करण्याची माझी ऐपत नाही. रोममधल्या तीतसच्या कमानीवर लुटीच्या मिरवणुकीत कोरलेला मेनोरा घ्या, त्यावरून शामीर बंधूंनी आखलेले आणि १९४९ साली इस्रायलने स्वीकारलेले राजचिन्ह घ्या किंवा जेरुसलेममध्ये क्नेसेतसमोर (संसदेसमोर) उभा असलेला बेन्नो एल्कान यांचा चार मीटरहून उंच ब्राँझचा मेनोरा घ्या. ही सगळी पाहण्याची चिन्हे आहेत. मी त्यांच्याकडे पाहून वापरायची वस्तू आखायला बसले, चूक तिथे झाली. नवा आराखडा साधा आहे : पितळेची सरळ पट्टी, तिच्यावर तांब्याच्या आठ वाट्या, मागे तांब्याची पाठ आणि उंचावलेला शमाश.

१२ ऑक्टोबर, रविवार

तांबट आळीत गेले ती अगदी चुकीच्या वेळी. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती आणि दुकानादुकानांत बंब, घागरी आणि भेटवस्तूंचे तांबे यांचे ढीग लागले होते. ज्यांच्याकडे काम द्यायचे ठरवले त्या काकांनी हातातली हातोडी न थांबवता सांगितले, “ताई, भाऊबीज झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका.” असे काम करणाऱ्याने ऑगस्टमध्येच तांबटाला गाठावे. माझे दोन आठवडे इथे गेले.

मोकळ्या हाताने परत यायचे नाही म्हणून तांब्याचा पत्रा घेतला आणि त्यातून ४५ मिलिमीटरच्या आठ चकत्या कापून घेतल्या. पत्र्याचे ३४० रुपये झाले. वाटीत तेल किती मावेल याचा हिशेब न करताच चकत्या कापल्या, हे पुढे महागात पडले.

२६ ऑक्टोबर, रविवार

काकांनी पहिली वाटी माझ्यासमोर घडवली. लाकडी ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर चकती ठेवून ते मधून कडेकडे ठोके देत गेले. पहिला फेरा झाल्यावर चकती भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची, म्हणजे ठोक्यांनी ताठर झालेले तांबे पुन्हा मऊ होते आणि दुसरा फेरा घेता येतो. मी गडबड केली. भट्टी पेटलेली नव्हती आणि मला शंभर रुपयांचे रिक्षाभाडे पुन्हा द्यायचे नव्हते, म्हणून “आता असंच होऊ द्या” असे म्हटले. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ठोकायला घेतले. चौथ्या-पाचव्या ठोक्याला कडेला केसाएवढी चीर गेली आणि पुढच्या ठोक्याला ती नखाएवढी झाली. त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली आणि चहा मागवला. ती चिरलेली वाटी आता माझ्या टेबलावर टाचण्या ठेवायला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

हा दिवस सगळ्यांत उपयोगी पडला आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. दिवाळीच्या उरलेल्या मातीच्या पणत्या घेऊन गच्चीवर मोजमापे केली. कुणी असे काम हाती घेणार असेल तर त्याने धातूला हात लावण्याआधी हे करावे.

पहिला प्रश्न अंतराचा होता. वातींमध्ये ४२ मिलिमीटर ठेवले (लहान चकत्यांवरून तेवढेच येत होते), तेव्हा पाचव्या मिनिटापासून शेजारच्या ज्योती एकमेकींकडे झुकू लागल्या आणि मधल्या दोन तर टोकाला चक्क मिसळल्या. ५० वर त्या सुट्या राहिल्या, पण वारा आला की पुन्हा झुकत. ६२ वर वाऱ्यातही वेगळ्या राहिल्या, म्हणून ६२ पक्के केले.

दुसरा प्रश्न तेलाचा होता, आणि त्याचे उत्तर शुक्रवारने दिले. इतर दिवशी अंधार पडताना दिवे लावले तर अर्धा-पाऊण तासाचे तेल पुरते. शुक्रवारी मात्र शब्बाथ लागण्याआधी, सूर्य मावळायच्याही आधी लावावे लागतात आणि तरीही ते अंधारानंतर अर्धा तास जळत राहिले पाहिजेत. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसहाच्या आत लावायचे आणि सातपर्यंत जळवायचे म्हटले तर निदान ऐंशी मिनिटे हवीत. मी वळलेल्या कापसाच्या वातीला तासाला सुमारे सात मिलिलिटर तेल लागले. ४५ मिलिमीटरच्या चकतीची वाटी जेमतेम पाच मिलिलिटरची, तीही काठोकाठ भरली तर. म्हणजे उरलेल्या सातही चकत्या बाद झाल्या. नव्या चकत्या ६५ मिलिमीटरच्या, वाटी ५० मिलिमीटर व्यासाची आणि १६ खोल, मापाने सतरा-अठरा मिलिलिटर. थोडी कमी भरली तरी पावणेदोन तास निघतात.

९ नोव्हेंबर, रविवार

आठही वाट्या झाल्या, या वेळी दर फेऱ्याला तापवून. दोन किंचित वाकड्या आहेत, तशाच ठेवल्या.

पट्टीने मात्र घोळ घातला. ५२० मिलिमीटर लांब, ६० रुंद आणि ३ जाड अशी पितळी पट्टी वरच्या अंगाने मठारून घेतली. दिसायला ती अप्रतिम झाली, पण टेबलावर ठेवली तर मध्यभागी पाच मिलिमीटर उचललेली. ठोक्याने वरचे अंग ताणले जाते आणि खालचे तसेच राहते, त्यामुळे पट्टी धनुष्यासारखी होते, हे काकांना ठाऊक होते. मात्र ती समतलच हवी हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. मधले दिवे उंच आणि कडेचे खाली, म्हणजे ऑक्टोबरात आजोबांनी काढून टाकलेला उतार दुसऱ्या दाराने परत आला होता! काकांनी पट्टी तापवून मऊ केली, उलटी टाकली आणि लाकडी मोगरीने सावकाश बसवली. दीड तास गेला. वरच्या काही खळ्या त्यात पुसट झाल्या आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाट्या पट्टीला जोडायच्या कशा, यावर आठवडाभर घोळत राहिले. तळाला भोक पाडून रिव्हेट मारून पाहिला : रात्रभरात वर्तमानपत्रावर तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता. शेवटी जोडायच्याच नाहीत असे ठरवले. लेथवाल्याकडून पट्टीत ४६ मिलिमीटरची आठ भोके पाडून घेतली, भोकाला ४० रुपये. वाटीचा काठ ५० चा असल्यामुळे ती भोकात आपोआप अडकून बसते, उचलून चिंचेने घासता येते आणि एखादी पुढे चिरली तर तेवढीच बदलता येईल. सगळ्या कामात मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच आहे.

याच दिवसांत भाच्याने फोनवर आधुनिक हनुकियांचे फोटो पाठवण्याचा सपाटा लावला होता. मॅनफ्रेड अ‍ॅन्सन यांनी १९८६ साली, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने केलेली हनुकिया त्यात होती. पर्यटकांना विकतात तसल्या छोट्या पुतळ्यांच्या हातातल्या मशालींच्या जागी त्यांनी मेणबत्तीची घरे केली आणि पुतळ्यांच्या पायाशी यहुदी इतिहासातले प्रसंग कोरले. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती भडक वाटली. मग वाचले की नाझी जर्मनीतून कोवळ्या वयात निसटलेला हा माणूस ऑस्ट्रेलियामार्गे अमेरिकेत पोचला होता, तेव्हा बाजारातला पुतळा त्याने का उचलला असेल हे कळले. पीटर शायर यांची त्याच वर्षीची रंगीत धातूची हनुकिया मात्र मला अजूनही खेळण्यासारखी वाटते. तिच्यावर बसलेली काजळी पुसणाऱ्याचा विचार तिच्यात कुठे दिसत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शमाशसाठी तुळशीबागेतून ८५० रुपयांची पितळी समई घेतली. तिचे भाग आट्यांनी सुटे होतात. वरचा मोर आणि पाच वातींचे ताट काढून ठेवले आणि मधल्या दांड्याचा एक पेर वापरायला घेतला. त्यावर शमाशची वाटी बसवायला मी स्वतःची अक्कल चालवली. घरात इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा सोल्डर होता, त्याने वाटी चिकटवली. दहा मिनिटांत काम झाले आणि मी खूश होते.

रात्री चाचणीला दिवा लावला आणि जेवायला बसले. तेल संपल्यावर ज्योत वातीच्या बुडाशी, थेट तांब्याला टेकून जळत राहिली. कथील-शिशाचा हा सोल्डर १८३ अंशांना वितळतो. तेल असेपर्यंत वाटी तेवढी तापत नाही, कोरडी पडली की तापते. वाटी घसरून ओट्यावर पडली आणि फरशीवर काळा डाग राहिला. घरात पडदे ओट्यापासून लांब आहेत म्हणून एवढ्यावर निभावले. जळत्या वस्तूला मऊ सोल्डर लावू नये, आणि नवा दिवा पहिल्यांदा लावून जेवायला तर मुळीच बसू नये. दुसऱ्या दिवशी काकांनी टाकणखार लावून चांदीमिश्रित डाख दिला. सामानाचे २६० रुपये झाले.

३० नोव्हेंबर, रविवार

मागची पाठ झाली. ५२० बाय १४० मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा, मध्यावर सहा कोनांची चांदणी. ती खडूने काढून दिली आणि संध्याकाळी येते म्हणून निघून गेले, कारण दोन त्रिकोणांत चुकण्यासारखे काय असणार असे मला वाटले. परत आले तेव्हा चांदणी रेखीव उठली होती आणि तिच्या मधोमध एक ठसठशीत टिंब होते.

“काका, हे काय?”

“बिंदू नको का? बिंदूशिवाय यंत्र पुरं होत नाही, ताई.”

त्यांनी चाळीस वर्षे ताम्रपटावर यंत्रे उठवली आहेत आणि मी त्यांना षट्कोन काढून दिला होता; दोष कुणाचा ते उघड आहे. तसे पाहिले तर ही चांदणी आमचे चिन्ह म्हणून मेनोरापेक्षा पुष्कळ नवी आहे. प्रागच्या यहुद्यांना चौथ्या चार्ल्स राजाने १३५४ साली ध्वजाचा मान दिला तेव्हापासून तिचे सामाजिक आयुष्य सांगतात, १८९७ साली बाझेलच्या झायोनिस्ट (यहुदी राष्ट्रवादी) अधिवेशनात ती फडकली आणि १९४८ मध्ये देशाच्या झेंड्यावर गेली. त्याआधी आणि त्याबाहेर कितीतरी लोकांनी हे दोन त्रिकोण आपापल्या कामाला वापरले आहेत. तरीही टिंब मला नको होते. मागून ठोकून बसवले असते तर खड्डा राहिला असता. शेवटी टिंबाच्या जागीच आरपार भोक पाडले आणि शमाशच्या दांड्याला धरणारा बोल्ट तिथून घेतला, त्यामुळे पाठ, दांडा आणि पट्टी एकाच स्क्रूवर घट्ट बसली. यासाठी मी वेगळा कोन लावणार होते, तो वाचला.

७ डिसेंबर, रविवार

सगळे जुळवून पूर्ण चाचणी घेतली आणि ती सपशेल फसली. आजीप्रमाणे खोबरेल तेल आदल्या रात्री वाट्यांत भरून हनुकिया खिडकीत ठेवली होती. पहाटे पुण्यात कडाक्याची थंडी होती. सकाळी पाहते तो आठही वाट्यांत मेणासारखे पांढरे गोळे. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठते, हे डोक्याला लावायच्या बाटलीवरून दर हिवाळ्यात दिसत असूनही माझ्या ध्यानात आले नाही. वात पेटवली, तिने स्वतःभोवतीचे चमचाभर तेल वितळवून प्यायले आणि बाकीचा गोळा तसाच ठेवून ती विझली. आजीला हा त्रास का झाला नाही, याचा उलगडा आईने केला : आजीचे सगळे हनुका अलिबागला झाले, तिथे डिसेंबरात पुण्याएवढी थंडी पडत नाही.

ऑलिव्हचे तेल उत्तम मानतात, पण आठ रात्रींचे मिळून शमाशसकट ४४ दिवे होतात आणि चाचण्या वेगळ्या. तिळाचे तेल आणले. ते गोठत नाही, ज्योत पिवळी आणि स्थिर देते, थोडी काजळी मात्र धरते. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण घाण्यावर तेल गाळणारे आमचे लोक शनिवारी बैल सोडून बसत. त्यांच्या वंशातल्या मला तेल निवडताना चुकावे लागले, हे तेवढे बरे नाही.

१४ डिसेंबर, रविवार

पहिली रात्र. उजव्या टोकाची एक वाटी आणि शमाश. रोज एक दिवा उजवीकडून डावीकडे वाढत जाणार, आणि लावताना नवा दिवा आधी. हनुकिया रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली, कारण हा दिवा बाहेरच्याला दिसावा असाच आहे. राखेल पोझनर या बाईंनी १९३१ साली जर्मनीतल्या कील शहरात आपल्या खिडकीतल्या हनुकियाचा फोटो काढला. समोरच्या इमारतीवर नाझींचा झेंडा दिसतो. ती हनुकिया पितळेची, अगदी साधी, एका रेषेतल्या आठ दिव्यांची आहे. ही माहिती मला सुरुवातीलाच होती. तरी मी नाणे समोर ठेवून फांद्या काढत बसले होते.

दिवा एक तास एकावन्न मिनिटे जळला.

२१ डिसेंबर, रविवार

शुक्रवारी, १९ तारखेला, पाच एकेचाळीसला दिवे लावले. शब्बाथ लागल्यावर लिहिता येत नसल्याने वेळ घड्याळाकडे पाहून नुसती लक्षात ठेवली : पहिला दिवा सात पंचवीसला विझला, शेवटचा साडेसातच्या जरा आधी.

आज आठवी रात्र असल्यामुळे नऊही दिवे लागले. ज्योती सुट्या राहिल्या, फक्त चौथी आणि पाचवी खिडकीच्या फटीतल्या वाऱ्याने डावीकडे कलत होत्या. फटीत कापडाची पट्टी कोंबल्यावर त्या सरळ झाल्या. पाठ हाताला चटका बसेल इतकी तापली, म्हणून पुढच्या वर्षी ती आणखी दोन बोटे मागे घ्यावी लागेल. चांदणीचा खालचा कोन काजळीने पूर्ण काळा झाला आहे आणि तो चिंचेने निघत नाही. रांगोळी आणि लिंबाने निघतो, पण खळ्यांत रांगोळी अडकते.

एकूण खर्च असा झाला : पितळी पट्टी ५६०, पाठीचा पत्रा ४८०, वाट्यांचा पत्रा ३१५, वाया गेलेला पत्रा ३४०, काकांची मजुरी ४,२००, समई ८५०, डाख आणि टाकणखार २६०, रिव्हेट-बोल्ट ६०, लेथवाला ३२०, तेल-कापूस ३८०, मिळून ७,७६५ रुपये. रिक्षांचा हिशेब ठेवला नाही. लहान चकत्या सात उरल्या आहेत आणि समईचा मोर आईने देव्हारा असलेल्या शेजारच्या काकूंना देऊन टाकला.